डिझेल अडलं कुठे?

मे महिन्यातली भर दुपार. यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीहून उमरखेडला निघालेली रोटरी डिझेल पंपाची एखादी जुनी जीप चहापाण्यासाठी पाच मिनिटं थांबते आणि मग काही केल्या सुरू होत नाही. सकाळी हीच गाडी अर्ध्या सेल्फमध्ये उठलेली असते. चालक मुळीच गडबडत नाही. बॉनेट उघडतो, गोणपाटाचा तुकडा पाण्यात भिजवून डिझेल पंपावर पसरतो, एक विडी ओढून होईपर्यंत वाट पाहतो आणि सेल्फ मारतो. गाडी सुरू! पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा नजर काढण्याचाच प्रकार वाटावा.

प्रत्यक्षात त्या चालकाने भौतिकशास्त्राचा एक चोख प्रयोग केलेला असतो. त्यातून निघणारं निदानही बहुतेक वेळा बरोबर असतं: पंप झिजलाय.

कसं ते बघा. डिझेल पंपाच्या आत पोलादाचा दांडा पोलादाच्याच नळीत फिरतो, सरकतो. दोघांच्या मध्ये रबराची रिंग नाही की पॅकिंग नाही. आहे ती फक्त दोन ते चार मायक्रॉनची फट. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो; म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा वीसेक फटी मावतील. या फटीतलं डिझेलच वंगणाचं काम करतं आणि तेच दाब अडवून धरतं. आता गंमत अशी, की अशा अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. त्यात डिझेल तापून पातळ झालं की ती आणखी वाढते. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, आणि गाडी थांबल्यावर पंखा-वारा बंद पडून इंजिनाची सगळी धग पंपावर येते. चालू गाडीत पंप इतक्या वेगाने फिरत असतो की डिझेलला फटीतून निसटायला सवड मिळत नाही. सेल्फ मारताना मात्र इंजिन मिनिटाला जेमतेम दीडशे-दोनशे फेरे घेतं. तेवढ्या आरामात पातळ डिझेल निसटून जातं आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पुरेसा दाबच पोचत नाही. ओल्या गोणपाटाने डिझेल थोडं दाट होतं, गळती कमी होते, नोझल उघडतं. थंड असताना सुरू होणारी, चालताना तक्रार न करणारी आणि फक्त गरम झाल्यावर रुसणारी गाडी म्हणजे काही मायक्रॉनची झीज. ती डोळ्यांना दिसत नाही, गोणपाटाला कळते. (तापलेल्या पंपावर बादलीभर गार पाणी ओतू नका. एवढ्या बारीक फटीचा धातू एकदम आकसला तर पंप जागीच जाम होतो.)

डिझेल गाडीत एवढं सगळं एका द्रवाच्या दाबावर का अवलंबून असतं? पेट्रोल गाडीत प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा दाबून तिचं आकारमान सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यावर आणलं की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि अडीचशे अंशांच्या आतबाहेर आपोआप पेटणारं डिझेल तिच्यात फवारलं की जळतं. म्हणजे आग कधी लावायची, किती लावायची, किती वेळ लावायची, हे सगळं ठरवणारा एकच: डिझेल पोचवणारा.

खुद्द रुडॉल्फ डिझेलची सगळ्यात मोठी अडचण हीच होती. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला पहिलं यंत्र चालवून पाहिलं आणि १८९७ मध्ये सव्वीस टक्के कार्यक्षमतेचं इंजिन जगापुढे ठेवलं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हा आकडा स्वप्नातही गाठता येत नव्हता. पण इंधन आत ढकलायला त्याला दाबलेल्या हवेचा झोत वापरावा लागे, आणि त्या हवेसाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. असं इंजिन जहाजावर, कारखान्यात ठीक. मोटारीत कसं बसवणार? बॉश कंपनीने १९२७ मध्ये लहानसा इंजेक्शन पंप कारखान्यातून काढायला सुरुवात केली तेव्हा कुठे डिझेल रस्त्यावर सर्रास उतरू लागलं, आणि १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी ही डिझेल मोटार विक्रीला आली. आपल्याकडे हे ज्ञान मोटारीआधी विहिरीवर पोचलं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने आणि १९४६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने तयार केलेली इंजिनं शेतात धडधडू लागली, आणि इंजिनाची एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, काढणं ही गावोगावच्या पोरांना येणारी विद्या झाली. पैनगंगेच्या काठच्या या पट्ट्यात मोटार दुरुस्त करणारे हात पिढीभर आधी पाण्याच्या इंजिनावर तयार झाले, असं मी म्हटलं तर ढाणकीत कुणी हरकत घेणार नाही.

आता निदानाकडे. मला विचाराल तर डिझेल गाडीच्या इंधनाची सगळी विद्या एका प्रश्नात आहे: बिघाड डिझेल *ओढण्याच्या* बाजूला आहे की *ढकलण्याच्या*?

टाकीतून निघालेलं डिझेल नळीने फिल्टरमध्ये येतं, तिथे गाळ आणि पाणी सोडतं आणि पंपात शिरतं. अनेक जुन्या आणि नव्याही गाड्यांत हा अर्धा प्रवास पंप ओढतो म्हणून होतो. या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पंपानंतर उलटं: तिथून पुढे प्रचंड दाबाने ढकलणं. त्यामुळे पंपाच्या पुढे गळती झाली तर डिझेल बाहेर येतं, वास येतो, ओल दिसते. पंपाच्या मागे गळती झाली तर बाहेर थेंबही येत नाही; उलट हवा आत जाते. चिरलेल्या नळीने उसाचा रस प्यायला बघा: रस सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते.

आणि हवा ही डिझेल पंपाची वैरीण. डिझेल दाबलं की दाब लगेच चढतो. हवा दाबली की ती मुकाट्याने आकसते. बुडबुडा पंपात आला की दांड्याची सगळी मेहनत त्याला चेपण्यात जाते आणि नोझल बंदच राहतं.

"भाऊ, एअर धरली गाडीनं."

"पण खाली कुठं डिझेल सांडलेलं नाही ना!"

"म्हणून तर एअर."

हा संवाद कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकू येईल, आणि मेकॅनिकचं शेवटचं उत्तर तर्कशास्त्राच्या पुस्तकात छापावं इतकं नेमकं आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी दहा सेल्फ खाते आणि एकदा उठली की दिवसभर कुरकुर करत नाही, तेव्हा पहिला संशय याच बाजूवर जातो. रात्री कुठूनतरी हवा शिरते आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं. हाताने डिझेल भरायचा प्रायमर दाबून कडक झाला आणि गाडी लगेच उठली, की संशय पक्का.

मग खरी शोधाशोध. फिल्टर आणि पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिथे वीतभर पारदर्शक नळी लावायची आणि गाडी चालू ठेवून उजेडात बघायचं. निरोगी गाडीत फिकट पिवळं डिझेल इतकं स्वच्छ वाहतं की ते वाहतंय हेही कळत नाही. एअर घेणाऱ्या गाडीत मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पळताना दिसतात. ॲक्सिलरेटर दाबला की त्यांची रांग लागते. मग तीच पारदर्शक नळी एक जोड मागे सरकवायची, पुन्हा बघायचं. बुडबुडे जिथे दिसेनासे होतात, तो जोड आणि त्याच्या पुढचा जोड यांच्यामध्ये चोर. बहुतेक वेळा तो निघतो फिल्टर बदलताना तशीच ठेवलेली जुनी ओ-रिंग, बांजो बोल्टखालची चेपलेली तांब्याची वॉशर, किंवा उष्णतेने कडक होऊन क्लिपजवळ चिरलेली नळी. काही रुपयांचा माल, आणि त्यापायी गाडी महिनाभर सकाळी धक्क्यावर.

याहून झटपट युक्ती म्हणजे टाकीला रजाच देणं. स्वच्छ डिझेलचा डबा बॉनेटजवळ टांगायचा आणि नळी त्यातून थेट पंपाला द्यायची. गाडी सुतासारखी चालली तर पंपापासून पुढे सगळं ठीक. दोष टाकी ते फिल्टर यांच्यात. तरीही तशीच वागली तर पंपाकडे वळा. पंधरा मिनिटांत आजाराचं अर्धं अंग वगळलं जातं. इतक्या कमी खर्चात इतकं सांगणारी तपासणी मला तरी माणसांच्या दवाखान्यातही माहीत नाही.

फिल्टर चोंदल्याची लक्षणं वेगळी. गाडी सुरू होते, उभ्या जागी छान चालते, मोकळ्या सपाट रस्त्यावरही धावते. पण चार माणसं जास्त बसवून चढ लागला की दम तोडते. कारण साधं आहे. उभ्या जागी इंजिन तासाला लिटरभरही डिझेल पीत नाही. तेच पंचाहत्तर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोर लावताना तासाला पंधरा लिटरच्या घरात पितं. चोंदलेला फिल्टर गरिबीत संसार भागवतो. पाहुणे आले की उघडा पडतो. अशीच लक्षणं दाखवणारा एक लबाड बिघाड आहे टाकीच्या झाकणाचा. डिझेल कमी होईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती वाट मातीने बुजली की टाकीतच पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता ओढवत नाही. कापसाच्या हंगामात या काळ्या मातीच्या रस्त्यांवर धूळ कशी उडते ते पाहिलेल्या माणसाला हे पटेल. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडलं आणि 'फुस्स' झालं, तर दुरुस्ती तिथल्या तिथे संपली.

इथवर गोष्ट विहिरीवरच्या इंजिनासारखीच होती. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बॉनेटखाली जे आलं ते बघून मी खरोखर चक्रावतो.

कॉमन रेल. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीत ही पद्धत पहिल्यांदा मोटारीसाठी बाजारात आली आणि पुढे आपल्या स्कॉर्पिओ-बोलेरोपर्यंत पोचली. पंप डिझेल एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो आणि तिथून सगळ्या इंजेक्टरना ते तयार दाबाने मिळतं. दाब किती? अनेक गाड्यांत १,६०० बार, काहींत २,००० च्याही वर. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा म्हणजे पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता. तिच्या तळाशी, अकरा किलोमीटर पाण्याखाली, दाब साधारण १,१०० बार असतो. उमरखेडच्या रस्त्यावर खड्डे चुकवत निघालेल्या गाडीत, तुमच्या गुडघ्यांपासून दोन हातांवर, त्याच्या दीडपट दाब बोटभर जाड नळीत बसलेला असतो. द्रव दाबता येत नाही असं आपण शाळेत शिकलो. या दाबाखाली डिझेलही सात-आठ टक्के आकसतं.

हे डिझेल इंजेक्टरच्या टोकावरच्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या छिद्रांतून बाहेर पडतं ते सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास वेगाने. हवेतला आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. आणि एका वेळी फवारा किती? उभ्या जागी पाच-सात घनमिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा दहावा हिस्सा. तोही एकदम नाही. आधी एक-दोन घनमिलिमीटरचा छोटा फवारा, मग सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या हिशोबातली विश्रांती, मग मुख्य फवारा. तो पहिला चिमुकला फवारा आग हळुवार पेटवतो, म्हणून नव्या गाडीत जुन्या जीपसारखा खडखडाट नसतो. इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला सोळा-सतरा वेळा घडतं.

सोळाशे बारच्या दाबाविरुद्ध इंजेक्टरची सुई उचलायला केवढं चुंबक लागत असेल? इथली युक्ती मला सगळ्यात आवडते. चुंबक सुई उचलतच नाही. सुईच्या वर आणि खाली दोन्हीकडे तोच रेलचा दाब असतो, पण वर तो जास्त क्षेत्रफळावर पडतो, त्यामुळे सुई बसून राहते. चुंबक फक्त वरच्या बाजूची एक सूक्ष्म झडप उघडतं. वरचं थोडंसं डिझेल निसटतं, दाब उतरतो, आणि खालचा दाब सुईला स्वतःच वर ढकलतो. निसटलेलं डिझेल रिटर्नच्या बारीक नळीतून टाकीकडे परत जातं. असं काम करणारे इंजेक्टर नाशिकलाही बनतात. बॉशच्या तिथल्या कारखान्याचं जुनं नाव मायको, आणि नाशिककर अजूनही शहरातल्या एका चौकाला मायको सर्कलच म्हणतात.

निदानाची किल्ली याच परतीच्या डिझेलमध्ये आहे. सुरू होताना रेलमध्ये दोन-अडीचशे बार दाब जमल्याशिवाय गाडीचा संगणक इंजेक्टरना फवाराच मारू देत नाही. एका इंजेक्टरची झडप झिजली की रेलमधलं डिझेल तिथून सतत परत वाहत राहतं आणि दाब जमत नाही. स्कॅनर लावला तर तो सांगतो 'रेल प्रेशर कमी'. पुष्कळ ठिकाणी इथेच घात होतो. कमी प्रेशर म्हणजे पंप खराब, असं धरून हजारोंचा पंप बदलला जातो, आणि गाडी पुन्हा तशीच. स्कॅनर ताप किती ते सांगतो, ताप कशाने आला ते सांगत नाही.

जाणता मेकॅनिक चार सारख्या छोट्या बाटल्या घेतो. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी सोडवून तिथे पारदर्शक नळी लावतो, तिचं दुसरं टोक एकेका बाटलीत सोडतो आणि इंजिन थोडा वेळ चालवतो. चालत नसेल तर नुसता सेल्फ मारतो. मग बाटल्या ओळीने ठेवून बघायचं. तीन बाटल्यांत तळाशी बोटभर डिझेल आणि चौथी अर्ध्याहून वर भरलेली, की आरोपी सापडला. चारही भरल्या तर सगळेच इंजेक्टर थकलेत. चारही जवळजवळ कोरड्या आणि प्रेशर तरीही कमी, तर मग पंपाकडे किंवा त्याच्याही मागे फिल्टरकडे बोट दाखवायचं.

जुन्या इंजिनात कुठलं नोझल मेलंय ते शोधायला एकेका पाइपचा नट सैल करत. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. सुंदर पद्धत आहे, पण कॉमन रेल गाडीवर ती कधीही करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण, दुखणंही सुरुवातीला किरकोळ. आत डिझेल पसरत जातं आणि बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. असं काही झालं तर हळद लावून बसू नका, लगेच शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा दवाखान्यात जा. गळती शोधायची तर हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

एवढ्या सूक्ष्म यंत्राचा शत्रू तितकाच साधा आहे: पाणी. उमरखेडच्या जंगलपट्ट्यातल्या, म्हणजे बंदी भागातल्या, गावांना पेट्रोल पंप लांब, त्यामुळे ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल भरून ठेवण्याची सवय. अर्ध्या रिकाम्या ड्रममधली पावसाळी दमट हवा रात्री थंड होते, आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि ओघळून तळाशी जमतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. आणि त्या पाण्याच्या व डिझेलच्या सीमारेषेवर चक्क जीव वाढतात. डिझेल खाऊन आणि पाण्यात राहून जगणारी बुरशी आणि जिवाणू! त्यांचा काळपट, बुळबुळीत साका फिल्टरवर बसला की लोक पंपवाल्याला भेसळीच्या शिव्या देतात. कधी त्या रास्त असतात, कधी भेसळ आपल्याच अंगणातल्या ड्रममध्ये झालेली असते. ड्रम भरलेला ठेवावा, हलवल्यावर रात्रभर निवळू द्यावा, आणि तळाचं चार बोटं डिझेल गाडीत कधीच घालू नये. फिल्टरखालचा पाणी सोडायचा स्क्रू पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी फिरवावा.

दुसरी गोष्ट डिझेल संपेपर्यंत गाडी रेटण्याची. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त दहा भाग असतं. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो, म्हणून तेल कंपन्या तो वेगळा मिसळतात. पंपाला दुसरं वंगण नाही. टाकी कोरडी पडून पंप हवा खाऊ लागला की पोलाद पोलादावर घासतं आणि त्याचा चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये, रिटर्नमधून पार टाकीपर्यंत जातो. फिल्टर कापून आत रुपेरी चकाकी दिसली, तर नुसता पंप बदलून भागत नाही. अख्खी वाट धुवावी लागते, आणि बरेच सुटे भाग नवे घ्यावे लागतात.

इंजेक्टर-पंपाच्या बारीक कामासाठी मोठं शहर गाठायचं तर ढाणकीकरांना स्वतःच्या जिल्ह्याच्या यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. तिथे असो वा गावात, 'पंप गेला' असं कुणी सांगितलं तर पैसे मोजण्याआधी विचारा: बाहेरून डिझेल देऊन पाहिलं का, रिटर्नच्या बाटल्या लावल्या का, फिल्टर कापल्यावर आत काय निघालं? यातलं काहीच केलं नसेल तर गाडी टोचन करून दुसऱ्या गॅरेजला न्या. टोचनचा खर्च पंपापेक्षा नक्कीच कमी येतो.